कार्ड चालेल ना?

परदेशी जायचं ठरलं की घरात दोन याद्या तयार होतात. एक आईची, दुसरी आपली. आईच्या यादीत मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी, सुपारीची डबी आणि बाम. आपल्या यादीत व्हिसा, इन्शुरन्स, अॅडाप्टर, सिमकार्ड. आणि दोन्ही याद्यांच्या तळाशी एकच प्रश्न, पेनानं दोनदा गिरवलेला... कार्ड चालेल ना?

कस्टमर केअरला फोन लावा. पलीकडची मुलगी एकदम गोड आवाजात सांगते, ‘येस मॅम, वर्ल्डवाइड अॅक्सेप्टेड!’ आता वर्ल्ड म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत, हे ती सांगत नाही. ते आपल्याला कळतं एखाद्या अनोळखी काउंटरवर, मागे दहा माणसांची रांग उभी असताना.

मी राहते चिंचोटीला. हो, तेच धबधब्याचं चिंचोटी! हायवेवरून अहमदाबादच्या दिशेनं जाताना उजवीकडे कामण-भिवंडीचा रस्ता फुटतो, तो आमचा नाका. सकाळी शेअर रिक्षानं नायगाव स्टेशन, तिथून लोकल, मग अंधेरीचं ऑफिस. संध्याकाळी हीच कसरत उलटी. या नाक्यावर आज वडापावच्या गाडीलाही साउंडबॉक्स आहे. वीस रुपये दिले तरी तो सगळ्यांना ओरडून सांगतो. पण तुंगारेश्वरच्या जंगलात धबधब्याच्या वाटेला लागलात, की थोड्या वेळानं मोबाइलची रेंज जाते. मग काकडी-ताक विकणाऱ्या मावशींपुढचा क्यूआर कोड म्हणजे नुसतं चित्र. खिशात दहाची नोट असेल तर ताक, नाहीतर ओढ्याचं पाणी. म्हणजे आमच्याच गावात, दोन-तीन किलोमीटरच्या आत, जे नाक्यावर चालतं ते जंगलात चालत नाही. मग पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे एकच कार्ड चालेल असं गृहीत का धरायचं?

‘चालणं’ हा मराठीतला मजेशीर शब्द आहे. गाडी चालते, दुकान चालतं, नाणं चालतं आणि कार्डही चालतं. जे चालत नाही ते खोटं. क्रेडिट या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं ‘विश्वास ठेवणं’ हे आहे. आपल्याकडे त्याला फार जुना, छान शब्द आहे – पत. पतपेढीतली पत. आमचे बाबा किराणा वहीवर आणायचे. महिन्याच्या एक तारखेला पगार, दोन तारखेला वाण्याचा हिशेब. वाणी कधी ओळखपत्र मागायचा नाही, कारण बाबांचा चेहरा हेच कार्ड होतं. ही पत नाक्यापुरती पक्की होती. खाडीपलीकडे भाईंदरला गेलं की शून्य.

क्रेडिट कार्ड या गंमतीचा शोध लागला तो याच दुखण्यावर. ओळखीच्या दुकानात मिळणारा विश्वास अनोळखी दुकानात कसा न्यायचा? न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लब सुरू झाला तो हॉटेलांतली बिलं भागवण्यासाठी. आपल्याकडे सेंट्रल बँकेनं १९८० साली ‘सेंट्रलकार्ड’ आणलं. पण देशाबाहेर? नाव काढू नका! साठ-सत्तरच्या दशकात परदेशी जाणाऱ्या भारतीयाच्या खिशात आठ डॉलर असायचे, असं आपण घरोघरी ऐकलंय. ते खरंच होतं, कारण परकीय चलन देशाकडेच नव्हतं. १९७३ चा ‘फेरा’ कायदा डॉलर बाळगण्याकडे जवळपास गुन्हा म्हणूनच बघायचा. तो जाऊन ‘फेमा’ लागू झाला जून २००० मध्ये. मग फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं माणशी २५ हजार डॉलर बाहेर न्यायला परवानगी दिली. आज ही मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे.

बाबांकडे एक क्रेडिट कार्ड होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटचं. त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, ‘व्हॅलिड ओन्ली इन इंडिया अँड नेपाळ’. तेव्हा अशी बरीच कार्डं असायची. बाबा नेपाळला कधी गेले नाहीत. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर दोन-तीनदा वापरलं असेल, तेवढंच. ते गेल्यावर आईनं ते टाकलं नाही. कपाटाच्या लॉकरमध्ये, पासबुकांच्या खाली, अजून आहे.

तर सांगायचा मुद्दा असा, की मे २०२४ मध्ये माझी ताई लंडनला बाळंत होणार होती आणि आईला घेऊन मला जायचं होतं. आईचा हा पहिला परदेश प्रवास. तिकिटं काढली, व्हिसा झाला. मग ताईचा फोन. ‘आईच्या नावाचं कार्ड आहे का?’ मी म्हटलं, ‘माझं आहे ना!’ ती म्हणाली, ‘नाही गं, तसं नाही चालत. इकडे बसमध्ये रोख घेतच नाहीत.’

खरंय ते. लंडनच्या बसनं ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेणं बंद केलं. आपलं टॅप करायचं कार्ड बसमध्येही चालतं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ट्यूबमध्येही. आपली भारतीय व्हिसा-मास्टरकार्डसुद्धा, बहुतेक वेळा. अट एकच, माणशी एक कार्ड. एका कार्डावर दोघींचं तिकीट निघत नाही. अर्थात तिथलं ऑयस्टर कार्ड विकत घेता येतं. पण मला एकदम वाटलं, आईला तिचं स्वतःचं का नसावं?

आईच्या नावावर काय काय आहे याचा मी विचार केला. रेशनकार्ड, आधार, गॅसची जोडणी आणि आता पासपोर्ट. बँकेतलं खातं आहे, पण तेही जॉइंट. मी माझ्या क्रेडिट कार्डावर तिच्यासाठी अॅड-ऑन कार्ड मागवलं. इथे एक छोटी गोष्ट सांगते, कामाची आहे. आपल्या मराठी नावांत पहिलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन डब्यांची गाडी असते. पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं, कार्डावर जागा नाही म्हणून त्याचं एक अक्षर होतं. परदेशातली हॉटेलं आणि गाडी भाड्यानं देणारे कार्डावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघतात. त्यामुळे पहिलं नाव आणि आडनाव तरी दोन्हीकडे एकाच स्पेलिंगनं असलेलं बरं.

कार्ड कुरिअरनं आलं. आईनं ते हातात घेऊन नावावरून बोट फिरवलं. म्हणाली, ‘माझ्या एकटीचं?’ मग लगेच दुसरा प्रश्न, ‘तिकडे चालेल ना हे?’

चालायला एक बटण दाबावं लागतं. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम काढला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला. नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमसाठी आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू असतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करणं, हे सगळं बंद. ज्याला हवं त्यानं बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करायचं, मर्यादाही आपणच ठरवायची. हा जाच नाही, शहाणपणा आहे. भारतात ऑनलाइन खरेदीला २००९ पासून कार्ड नंबरशिवाय दुसरी खात्री लागते, म्हणून आपल्याला ओटीपीची सवय. परदेशातल्या बऱ्याच वेबसाइट मात्र ओटीपी न विचारताच पैसे घेत आल्यात. तेव्हा गरज असेल तेव्हाच दार उघडायचं! मी आईच्या समोर तिच्या कार्डाची तिन्ही बटणं सरकवली. पिन तिनं स्वतः ठरवला. मला सांगितला नाही. ‘कुणाला सांगायचा नसतो,’ म्हणाली.

लंडनमध्ये पहिल्याच दिवशी आईनं बसमध्ये कार्ड टेकवलं. टिंग! ड्रायव्हरनं मान हलवली. ती खिडकीजवळ जाऊन बसली आणि हळूच मला म्हणाली, ‘किती कापले?’ मेसेज तर आलेला नव्हता. तिकडे पद्धत अशी, की दिवसभराचा प्रवास जमा करून त्याची रक्कम नंतर एकदम कापतात. बसचं भाडं तेव्हा पाऊणेदोन पौंड होतं आणि एका तासाच्या आत दुसरी बस पकडली तर तिचे पैसे नाहीत. फक्त कार्ड तेच टेकवायचं. हे कळल्यावर आईनं अशा काही बस बदलल्या की विचारू नका! नायगाव-चिंचोटी शेअर रिक्षात आयुष्य गेलेल्या बाईला फुकटच्या बसचं मोल कळतं.

मग एक दिवस दुकानात गंमत झाली. बाळासाठी झबली घेतली. मशीनवर दोन आकडे आले, एक पौंडात आणि एक रुपयांत. कुठला हवा? आई रुपयांचा आकडा बघून खूश! मी म्हटलं, ‘पौंडवालं दाब.’ तिला काही पटेना. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. रुपयांत पैसे घेण्याची सोय दुकानदाराची बँक करून देते, पण भाव ती स्वतः ठरवते आणि तो बहुतेक वेळा आपल्याला महागात जातो. स्थानिक चलनच निवडावं, हा साधा नियम. आई सगळं ऐकून म्हणाली, ‘म्हणजे आपल्या रुपयांत हिशेब कळतो, त्याचे हे लोक पैसे घेतात होय?’ एवढ्या थोडक्यात मला कुठल्याच फायनान्सवाल्यानं समजावलं नव्हतं.

अर्थात पौंड निवडला म्हणून आपली बँक सोडत नाही. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहारामागे दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर दहा हजारांच्या खरेदीला ३५० अधिक ६३, एकूण ४१३ रुपये. एका माणसाचं ठीकठाक जेवण झालं की! मार्कअप न घेणारी कार्डंही असतात, शोधावी लागतात. आणि क्रेडिट कार्ड घालून एटीएममधून रोख काढणं म्हणजे तर स्वतःहून खड्ड्यात उडी. फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून. महिनाभराची सवलत त्याला लागू नाही.

आता खरी गोष्ट सांगते. बाळ पंधरा दिवसांचं झालं तेव्हा ताईच म्हणाली, ‘दोन दिवस फिरून या, आईला एडिंबरा दाखव.’ सकाळची ट्रेन पकडून गेलो. हॉटेलच्या रिसेप्शनवर खोलीचे पैसे आधीच भरलेले होते, पण डिपॉझिटसाठी कार्ड हवं होतं. मी पौंड भरलेलं फॉरेक्स कार्ड पुढे केलं. तिथली मुलगी म्हणाली, ‘सॉरी, हे प्रीपेड आहे. डिपॉझिटला क्रेडिट कार्ड लागेल.’ अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. गाडी भाड्यानं देणारे तर प्रीपेडला सरळ नाहीच म्हणतात. मग मी क्रेडिट कार्ड दिलं. डिक्लाइन्ड. पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

इंटरनॅशनल चालू होतं. लिमिट भरपूर होतं. निघण्याआधी बँकेला फोन करून तारखासुद्धा कळवल्या होत्या. तरीही नाही म्हणजे नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं आवाज एकदम खाली आणला आणि विचारलं, ‘दुसरं एखादं कार्ड आहे का?’ तिनं आवाज खाली आणला, तेच जास्त लागलं. माझ्या पगाराची, सिबिल स्कोअरची, अकरा वर्षांच्या नोकरीची त्या क्षणी किंमत शून्य होती. वाण्यानं वही मिटून ठेवावी तसं वाटलं. आणि शेजारी आई उभी होती. बोलणं तिला पूर्ण कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नाही म्हणणारं ते हॉटेल नसतं. कार्ड मशीनला लावलं की निरोप हॉटेलच्या बँकेकडे जातो, तिथून व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या नेटवर्ककडे आणि तिथून थेट आपल्या बँकेकडे. हो की नाही, ते भारतातला कॉम्प्युटर ठरवतो, दोन-चार सेकंदांत. काल लंडनमध्ये दुधाची पिशवी घेणारं कार्ड आज स्कॉटलंडमध्ये हॉटेलचं डिपॉझिट भरतंय, हे त्याला संशयास्पद वाटलं असावं. त्याचं काम संशय घेणं हेच आहे, आणि चोरी झाली असती तर मीच त्याला धन्यवाद दिले असते. ‘हा व्यवहार तुम्हीच केलात का?’ असा मेसेजही आला बँकेचा. पण पंचवीस मिनिटांनी!

तोवर आईनं आपली पर्स उघडली होती. रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढून तिनं काउंटरवर ठेवलं. मी म्हटलं, ‘आई, ते माझ्याच कार्डाला जोडलेलं आहे, तेही नाही चालणार.’ ती म्हणाली, ‘घालून तर बघू दे.’ खोली आम्हा दोघींच्या नावावर होती, त्यामुळे हॉटेलची हरकत नव्हती. मुलीनं मशीन तिच्यापुढे सरकवलं. आईनं स्वेटरच्या बाहीनं कीपॅड झाकून चार आकडे दाबले. दोन सेकंद. अॅप्रूव्ह्ड!

कारण सोपं होतं. अॅड-ऑन कार्डाची मर्यादा मुख्य कार्डाच्या मर्यादेतलीच असली, तरी नंबर वेगळा असतो. अडवला होता तो माझा नंबर. आईच्या नंबरावर कुणाचा संशय नव्हता. त्या मुलीनं हसून पासपोर्टवरचं नाव वाचलं आणि आईला आडनावानं हाक मारून, ‘मिसेस’ लावून, खोलीची चावी दिली. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. आई लिफ्टमध्ये काहीच बोलली नाही. खोलीत गेल्यावर स्लिप घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. पुढे आठवडाभर मात्र रोज विचारायची, ‘ते पैसे सुटले का गं?’ डिपॉझिट म्हणजे पैसे कापलेले नसतात, नुसते अडवून ठेवलेले असतात आणि सुटायला काही दिवस लागतात. सुटले एकदाचे.

त्या दिवसापासून ‘वर्ल्डवाइड’ या शब्दाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. ऑफिसमधल्या मित्रमैत्रिणींकडे आता याचे किस्सेच किस्से आहेत. जर्मनीत बेकरीत पाव घ्यायला गेलात तर तिथे बऱ्याचदा फक्त त्यांचं स्वतःचं ‘गिरोकार्ड’ चालतं किंवा सरळ रोख. स्वीडनमध्ये नेमकं उलटं, ‘आम्ही रोख घेत नाही’ अशी पाटी. जपानमध्ये छोट्या नूडल्सच्या दुकानात नोटा लागतात, पण सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये परदेशी कार्ड चालतं, म्हणून लोक तिकडे धावतात. अमेरिकेत पेट्रोल पंपावरचं मशीन झिप कोड विचारतं. आपला पिनकोड सहा आकडी, त्याला हवेत पाच! मग आत काउंटरवर जाऊन आधी पैसे भरायचे. चीनमध्ये कार्डापेक्षा फोन मोठा. २०२३ पासून परदेशी कार्ड तिथल्या अलीपे-वीचॅटला जोडता येतं. आणि रशियात मार्च २०२२ मध्ये व्हिसा-मास्टरकार्डनं काम थांबवलं, तेव्हा बाहेरच्या बँकांची कार्डं तिथे एका फटक्यात नुसती प्लास्टिकची पट्टी झाली. म्हणजे पत फक्त तुमची असून भागत नाही. दोन देशांचं एकमेकांशी बरं असावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आपलं यूपीआय आहे की! आहे, आणि अभिमान वाटावा असंच आहे. भूतानमध्ये २०२१ मध्ये पोचलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका, मॉरिशस आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटापर्यंत गेलं. पण आयफेल टॉवरच्या खाली कॉफी घेताना अजून कार्डच लागेल असं धरून चाला. त्यामुळे माझा आता साधा हिशेब. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, जमलं तर एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड, दोन वेगळ्या पर्समध्ये. एक फॉरेक्स कार्ड, थोडी रोख. भारतातलं सिम रोमिंगवर चालू. आणि सोबत असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाचं एकेक कार्ड. मग ती आई असो, बायको असो की सासूबाई. पैसे कुणाचे का असेनात, काउंटरवर आपलं नाव वाचलं जाणं ही वेगळीच गोष्ट आहे.

जूनमध्ये परत आलो. पावसानं धबधबा फुगला होता आणि तिकडे जायला नेहमीसारखी बंदी लागली होती. एका रविवारी मी आईसमोर अॅप उघडलं आणि तिच्या कार्डाचं इंटरनॅशनलचं बटण बंद केलं. नियमच आहे माझा, आलं की बंद. ती चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली,

‘बंद कशाला केलंस? परत जायचं नाही का आपल्याला?’